पर्यावरणशास्त्रातून नेट-सेट देताय? फॉर्म भरण्याआधी हे वाचा

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी सीएसआयआर नेटच्या, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या सहायक प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेच्या, विषयांच्या यादीत पर्यावरणशास्त्र शोधत बसले होते. लाइफ सायन्सेस होतं, केमिकल होतं, पृथ्वी-वातावरण-महासागराचं विज्ञानही होतं. आपला विषय मात्र कुठेच नव्हता. विज्ञान शाखेची नेट म्हणजे सीएसआयआर, असं वर्गात सगळेच म्हणायचे, त्यामुळे मी लाइफ सायन्सेसचा अभ्यास सुरू केला आणि सहा महिने पेशीविज्ञान वाचत राहिले. पर्यावरणशास्त्राची नेट यूजीसीकडे (विद्यापीठ अनुदान आयोगाकडे) आहे, हे कळेपर्यंत त्या वेळचे फॉर्म बंद झाले होते.

पुढे तीन प्रयत्नांत सेट (राज्य पातळीवरची तशीच पात्रता परीक्षा) आणि नेट दोन्ही निघाल्या. आता दर वर्षी जून-डिसेंबरच्या आसपास ज्युनिअर मुलामुलींचे फोन येतात आणि प्रश्न जवळपास तेच असतात. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

१. आधी परीक्षा निवडा

या क्षेत्रात शिरायला चार-पाच दारं आहेत आणि प्रत्येक दार वेगळ्या खोलीत उघडतं.

यूजीसी नेट ही मुख्य परीक्षा. २०१८ च्या डिसेंबरपासून ती एनटीए, म्हणजे राष्ट्रीय चाचणी संस्था, घेते. जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोन सत्रं असतात आणि पर्यावरणशास्त्राचा विषय क्रमांक ८९ आहे. देशभरातल्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत सहायक प्राध्यापक व्हायची पात्रता, जेआरएफ (पीएचडी करताना दरमहा मिळणारी संशोधन फेलोशिप) आणि पीएचडीचा प्रवेश हे तिन्ही हिच्यातून मिळतं.

सेट आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोव्यासाठी आहे आणि ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. तिच्यातून फक्त सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, तीही या दोन राज्यांपुरती. फेलोशिप मिळत नाही. सेट रोज-रोज येत नाही. ३९ वी ७ एप्रिल २०२४ ला झाली आणि ४० वी थेट १५ जून २०२५ ला. त्यामुळे जाहिरात आली की टाळू नका. महाराष्ट्रातच नोकरी करायची असेल तर नेट आणि सेट दोन्ही द्या, अभ्यासक्रम जवळपास एकच आहे.

गेट या अभियांत्रिकी-विज्ञान पदवीधरांच्या परीक्षेत २०२१ पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. एमटेक, काही संस्थांतली पीएचडी आणि संशोधन प्रकल्प यांसाठी तो उपयोगी पडतो आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. पण गेटच्या जोरावर विज्ञान महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होता येत नाही. याची गल्लत पुष्कळजण करतात.

एएसआरबी (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ) नेट कृषी विद्यापीठांसाठी असते. राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोलीकडे जायचा विचार असेल तर तिच्यातही पर्यावरणशास्त्र हा विषय आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, हे मात्र लक्षात ठेवा.

आणि विद्यापीठांची पेट, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षा. ती फक्त त्या-त्या विद्यापीठाच्या पीएचडी प्रवेशासाठी.

शिकवायचंच असं मनात पक्कं असेल तर नेट-सेट आधी. यूजीसीने १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट ठेवली आहे आणि पीएचडी ऐच्छिक केली आहे. तरीही पीएचडी करू नका असं मी म्हणणार नाही. निवडीच्या गुणांमध्ये तिला मोठं वजन आहे.

२. आपण पात्र आहोत का, ते तपासा

पदव्युत्तर पदवीला खुल्या गटासाठी ५५ टक्के, आरक्षित गटांसाठी ५० टक्के. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही बसू शकतात, पण पदवी ठरलेल्या मुदतीत पूर्ण करावी लागते. जेआरएफला वयाची अट ३० वर्षं आहे. महिलांना, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी नॉन क्रिमीलेअर आणि दिव्यांग उमेदवारांना त्यात पाच वर्षांची सूट आहे. नुसत्या सहायक प्राध्यापकपदासाठी वयाची अट नाही. चाळिशीत पुन्हा शिकवायला यायचं म्हणणाऱ्या ताई मला भेटतात, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

खरी अडचण येते ती विषयाची. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र अशा विषयांत एमएस्सी करून पर्यावरणशास्त्रातून नेट देणारे बरेच असतात. यूजीसीचा नियम असा की आपल्या पदव्युत्तर विषयातूनच बसायचं, आणि तो विषय यूजीसीच्या यादीत नसेल तरच जवळच्या विषयातून. नेट निघाली तरी नोकरीच्या जाहिरातीत 'संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवी' ही अट वेगळी असते. माझ्या एका सूक्ष्मजीवशास्त्राच्या मैत्रिणीची नेट निघाली, पण मुलाखतीच्या दिवशी छाननीच्या टेबलावरूनच तिला परत पाठवलं. म्हणून ज्या प्रकारच्या महाविद्यालयात जायचंय, तिथल्या दोन-तीन जुन्या जाहिराती आधी वाचून ठेवा.

३. कागदपत्रं फॉर्म निघण्याआधी जमवा

फॉर्मची मुदत फार नसते आणि दाखले निघायला वेळ लागतो. हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा:

- दहावीचं प्रमाणपत्र (नाव आणि जन्मतारीख फॉर्ममध्ये अगदी यातल्याप्रमाणेच लिहा)
- पदवी आणि पदव्युत्तरच्या सगळ्या गुणपत्रिका
- सीजीपीए असेल तर टक्क्यांत रूपांतर करायचं विद्यापीठाचं सूत्र
- आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र
- अलीकडचा फोटो आणि सही, पुस्तिकेत दिलेल्या आकारात स्कॅन केलेली
- जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र, लागू असेल ते
- स्वतःचा ईमेल आणि मोबाइल नंबर

शेवटच्या ओळीवर जरा थांबते. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल टाकून फॉर्म भरणारी मुलं अजूनही आहेत. पुढे हॉल तिकीट, आन्सर की, निकाल, प्रमाणपत्र सगळं त्याच लॉगिनमधून काढायचं असतं.

आता सगळ्यात मोठा खड्डा: नॉन क्रिमीलेअर. आपल्याकडे सेतू केंद्रातून मिळतो तो दाखला बहुतेक वेळा राज्याच्या नमुन्यातला असतो. नेट केंद्राची परीक्षा आहे, तिला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो. अर्ज करतानाच 'केंद्र शासनाच्या नमुन्यातला हवा' असं स्पष्ट सांगा. तो कोणत्या तारखेनंतरचा चालतो, हे माहितीपुस्तिकेत असतं. व्हीजेएनटी किंवा एसबीसीत असाल तर आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, ते पाहा. असेल तर नेटमध्ये ओबीसी म्हणून भरा, नसेल तर खुल्या गटातून. एसईबीसी हे आरक्षण राज्याचं आहे, नेटच्या फॉर्ममध्ये ते चालत नाही. माझ्या वेळी दाखला राज्याच्या नमुन्यातला निघाला, हे मला फेलोशिपची कागदपत्रं देताना कळलं. तहसील कार्यालयाच्या तीन खेपा आणि दोन महिने त्यात गेले.

४. फॉर्म भरताना गट नीट निवडा

२०२४ च्या जूनपासून नेटमध्ये तीन गट आहेत: जेआरएफ आणि सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेश, फक्त पीएचडी प्रवेश. वय बसत असेल तर पहिलाच गट निवडा. जेआरएफ हुकली तरी खालच्या गटांसाठी तुमचा विचार होतो, उलटं होत नाही. 'आपल्याला कुठली जेआरएफ मिळते' असं म्हणून दुसरा गट निवडणारी हुशार मुलं मी पाहिलीत आणि दर वेळी वाईट वाटतं.

५. पेपरचं स्वरूप

नेट संगणकावर होते. पेपर एक ५० प्रश्न, १०० गुण. पेपर दोन १०० प्रश्न, २०० गुण. दोन्ही सलग, मिळून तीन तास, मध्ये सुट्टी नाही. सेटमध्ये प्रश्न आणि गुण तेवढेच, पण ओएमआर शीटवर आणि दोन पेपर वेगळे: पहिला एक तासाचा, दुसरा दोन तासांचा. दोन्हीकडे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका.

नेटमध्ये खुल्या गटाला एकूण ४० टक्के आणि आरक्षित गटांना ३५ टक्के ही किमान मर्यादा आहे. ती ओलांडली म्हणजे पास असं नाही. दोन्ही पेपर दिलेल्यांपैकी फक्त ६ टक्के उमेदवार पात्र ठरतात, आणि जेआरएफ त्याहून थोड्यांना. तुमची स्पर्धा ४० टक्क्यांशी नसून शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाशी आहे.

नेटचा पेपर इंग्रजी-हिंदीत येतो. मराठी माध्यमातून आलेल्यांनी पारिभाषिक शब्द सुरुवातीपासून इंग्रजीतूनच पाठ करावेत. सामू, अधःस्तर, अनुक्रमण हे शब्द समजायला छान आहेत, पण पडद्यावर ते दिसणार नाहीत.

६. आपण कुठल्या घरातून आलो, ते आधी कबूल करा

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हे. पर्यावरणशास्त्राच्या अभ्यासक्रमात दहा घटक आहेत: मूलतत्त्वं, रसायन, जीवशास्त्र, भूविज्ञान, ऊर्जा, प्रदूषण आणि नियंत्रण, घन व घातक कचरा, मूल्यांकन व कायदे, संख्याशास्त्र व प्रारूपं, आणि समकालीन प्रश्न. हे सगळं एका माणसाच्या पदवीत कधीच नसतं. वनस्पतिशास्त्रातून आलेला परिसंस्थेत रमतो आणि रसायनातल्या गिब्ज ऊर्जेपासून पळतो. रसायनवाला बीओडी-सीओडी (पाण्याचं प्रदूषण ऑक्सिजनच्या गरजेवरून मोजायची मापं) झोपेत सांगतो, पण भूजलाच्या प्रवाहाचा डार्सीचा नियम त्याला नवा असतो. आणि अभ्यासाला बसलं की आपण सगळे आपल्याच घरात जाऊन बसतो. तिथे बरं वाटतं, पानं भराभर उलटतात, पण गुण वाढत नाहीत.

माझ्या पहिल्या दोन प्रयत्नांत हेच झालं. दुसऱ्या निकालानंतर मी एका कागदावर दहा घटक लिहिले आणि आन्सर की समोर ठेवून प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर त्याचा घटक मांडला. भूविज्ञान आणि संख्याशास्त्र या दोन ओळींतच निम्म्याहून जास्त खुणा पडल्या. तिसऱ्या वेळी पहिले अडीच महिने मी फक्त हे दोन घटक केले, जीवशास्त्राला हातही लावला नाही.

तुम्हीही हेच करा. जुनी एक प्रश्नपत्रिका कसलाही अभ्यास न करता घड्याळ लावून सोडवा, चुका घटकवार मांडा, आणि ज्या ओळीत सर्वांत जास्त खुणा आहेत तिथून सुरुवात करा.

७. गणितं हाताने करा

नेटच्या हॉलमध्ये कॅल्क्युलेटर नेता येत नाही. म्हणून आकडे सोपे येतात आणि गुण हमखास असतात, फक्त हात बसलेला हवा. तीन नमुने देते.

बीओडी: ३०० मिलिलिटरच्या बाटलीत १० मिलिलिटर नमुना घातला, बाकी विरलीकरणाचं पाणी. सुरुवातीचा विरघळलेला ऑक्सिजन ८.४, नंतरचा ४.२ मिलिग्रॅम प्रति लिटर. फरक ४.२, विरलीकरण ३० पट, उत्तर १२६. फरक काढून तिथेच थांबणाऱ्यांसाठी पर्यायांत ४.२ सुद्धा दिलेलं असतं. आणखी एक: पुस्तकांत बीओडी ५ दिवस २० अंशांवर असतो, भारतीय मानकांत ३ दिवस २७ अंशांवर. प्रश्नात काय विचारलंय ते नीट वाचा.

हवेचं स्थैर्य: कोरड्या हवेचा गोळा वर जाताना दर किलोमीटरला ९.८ अंशांनी थंड होतो. जमिनीवर ३० अंश असलेला गोळा ५०० मीटरवर २५.१ अंशांचा होईल. तिथली हवा २७ अंश असेल तर गोळा भोवतालापेक्षा थंड, म्हणजे जड. तो खाली येणार, वातावरण स्थिर, धूर पसरणार नाही. या एका आकृतीतून धुराच्या लोटाचे सगळे प्रकार समजतात. ते पाठ करू नका, प्रत्येकाची आकृती स्वतः काढा.

आवाज: ६० डेसिबलची दोन यंत्रं एकत्र चालू केली तर १२० होत नाहीत, ६३ होतात. दहा यंत्रं असतील तर ७०. लॉगचे एवढे दोन नियम पुरतात.

संख्याशास्त्रात मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध, टी-चाचणी, काय-वर्ग आणि त्यांच्या स्वातंत्र्यमात्रा एवढं पक्कं करा. तीन ओळी, चार स्तंभांच्या तक्त्याच्या स्वातंत्र्यमात्रा सहा, हे विचारल्याक्षणी सुचलं पाहिजे.

८. कायदे आणि करार: सालं गुंफून लक्षात ठेवा

जोड्या लावा, कालक्रम लावा असे प्रश्न इथून येतात. वन्यजीव १९७२, पाणी १९७४, वन संवर्धन १९८०, हवा १९८१, पर्यावरण संरक्षण १९८६, जैवविविधता २००२, हरित न्यायाधिकरण २०१०. पाण्याचा कायदा हवेच्या आधी आला, एवढं एक डोक्यात असलं तरी निम्मे पर्याय गळतात. पर्यावरण संरक्षण कायदा १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतरचा, हे कारण माहीत असलं की साल विसरत नाही.

करारांत स्टॉकहोम दोनदा येतं: १९७२ ची मानवी पर्यावरण परिषद आणि २००१ चा चिवट सेंद्रिय प्रदूषकांचा करार. घातक कचऱ्याचा बाझेल १९८९, पाऱ्याचा मिनामाता २०१३. ओझोनसाठी आधी व्हिएन्ना १९८५, मग माँट्रियल १९८७. पाणथळ जागांचा रामसर १९७१. आपल्या राज्यातली रामसर स्थळं नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी, हीही लिहून ठेवा.

हवेची मानकं पाठ करताना भारताची आणि जागतिक आरोग्य संघटनेची शेजारी-शेजारी लिहा. पीएम २.५ ची (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची) वार्षिक मर्यादा आपल्याकडे ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, संघटनेची २०२१ पासून ५. विचारताना नेमकी यांचीच अदलाबदल करतात.

अभ्यासाच्या साहित्यासाठी फार पैसे घालवू नका. यूजीसीच्या ई-पीजी पाठशाळेवर पर्यावरणशास्त्राचे धडे मोफत आहेत. भूविज्ञान कच्चं असेल तर अकरावी-बारावीची भूगोलाची पाठ्यपुस्तकं आधी वाचा. जुन्या प्रश्नपत्रिका तर हव्यातच.

९. पेपर एकला सावत्र वागवू नका

शंभर गुण आहेत आणि यादीत नाव लागणार की नाही हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं. त्यातही दहा घटक असतात. 'लोक, विकास आणि पर्यावरण' हा त्यातला एक घटक आपलाच आहे. शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं, २००८ ची हवामान बदलाची राष्ट्रीय कृती योजना आणि तिची आठ अभियानं, पॅरिस करार, आंतरराष्ट्रीय सौर आघाडी. इतर विषयांचे विद्यार्थी हे घोकत बसतात, आपल्याला ते आधीच येत असतं.

आकडेवारीचा तक्ता आणि उतारा यांवर मिळून दहाएक प्रश्न असतात. रोज एक तक्ता आणि एक उतारा, दोन महिने. तर्कशास्त्रात भारतीय प्रमाणं (ज्ञान मिळवायची साधनं), म्हणजे प्रत्यक्ष, अनुमान, उपमान वगैरे, आणि हेत्वाभास (अनुमानातले दोष) येतात. विज्ञानाची मुलं ते पान उलटून पुढे जातात. ते फक्त एका दुपारचं काम आहे.

१०. परीक्षेचा दिवस आणि नंतर

१८० मिनिटांत १५० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. मी पेपर दोन आधी घेतला, ११० मिनिटं. मग पेपर एकला तासभर, आणि उरलेली दहा मिनिटं खूण करून ठेवलेल्या प्रश्नांना. विधान-कारणाचे प्रश्न वाचताना आधी दोन्ही विधानं वेगवेगळी खरी आहेत का ते ठरवा, मगच त्यांचा संबंध पाहा. केंद्र दुसऱ्या गावी असेल तर आदल्या दिवशी जाऊन पत्ता डोळ्यांनी बघून या. २०२४ च्या १८ जूनला झालेली नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा घेतली गेली, म्हणून पेपर झाला की लगेच नोट्स रद्दीत घालू नका.

आन्सर की आली की ती आपल्या उत्तरांशी ताडून पाहा. हरकत घ्यायला प्रत्येक प्रश्नाला पैसे भरावे लागतात आणि मुदत थोडी असते, त्यामुळे हातात पक्का पुरावा असेल तरच घ्या.

जेआरएफ मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलोशिप) म्हणून ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. त्यासाठी आधी पीएचडीला नोंदणी व्हावी लागते. मार्गदर्शक मिळवायला वेळ लागतो, म्हणून निकालाची वाट न पाहता पेपर झाल्या आठवड्यापासून मार्गदर्शकांना लिहायला लागा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गटात पात्र ठरलात तर पीएचडी प्रवेशासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. जेआरएफ नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. आपण ज्या गटात बसतो तिथून फेलोशिप मिळू शकते.

सहायक प्राध्यापकपदाची पात्रता कायमची असते. महाविद्यालयांत मुलाखतीला कोणाला बोलवायचं हे ठरवण्यासाठी यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतल्या गुणतक्त्यात जेआरएफसह नेटला १०, नुसत्या नेटला ८ आणि सेटला ५ गुण आहेत. सेट निघाल्यावरही मी नेटला बसले ते याच कारणाने. पहिली नोकरी बहुधा तासिका तत्त्वावरची असेल. त्या काळातलं नियुक्तिपत्र, विद्यापीठाची मान्यता आणि अनुभवाचा दाखला दर वर्षी तिथल्या तिथे लेखी घ्या. प्राचार्य बदलल्यावर तीन वर्षांपूर्वीचा दाखला मागायला गेलात तर फाईल सापडत नाही.